गव्हाला दिलेले खत जाते कुठे? मशागतीपासून काढणीपर्यंत खताचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा

गव्हाची वाढ मंद दिसली की पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. ते स्वाभाविकही आहे, कारण नत्र (नायट्रोजन) दिल्यावर गहू आठवडाभरात हिरवागार होतो. पण दिलेल्या नत्रातले दाण्यापर्यंत किती पोचते? विल्यम रॉन आणि गॉर्डन जॉन्सन या संशोधकांनी 1999 मध्ये जगभरातल्या तृणधान्यांचा हिशेब मांडला, तेव्हा हा आकडा सुमारे 33 टक्के निघाला. बाकीचे काही काडात आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थात अडकते, काही अमोनिया होऊन उडून जाते, काही नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 पासून गव्हावर खतांचा प्रयोग सुरू आहे. 1968 पासून तिथे काही भागात वर्षानुवर्षे गव्हावर गहू आणि काही भागात पिकांची फेरपालट अशी तुलना होऊ लागली. खताची मात्रा तीच असूनही फेरपालटीतल्या गव्हाने जास्त उत्पादन दिले. मुख्य कारण असे, की फेरपालटीमुळे मुळे कुजवणारा ‘टेक-ऑल’ हा बुरशीजन्य रोग कमी झाला. मुळे निरोगी असली की तेच खत जास्त दाणे देते. या लेखातली प्रत्येक पायरी याच गोष्टीभोवती फिरते: खत उचलण्याचे काम मुळे करतात, आणि मुळे कशी वाढतील हे मशागत, पेरणी, पाणी आणि तण ठरवतात. म्हणून मात्रा वाढवण्याआधी ही कामे नीट तपासायला हवीत.

पायरी 1: आधी माती तपासा, मग मात्रा ठरवा

माती परीक्षणाचा अहवाल नमुन्यापेक्षा चांगला असू शकत नाही. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली किंवा पाणी साचते तिथली माती घेऊ नका. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या, वरपासून 15 ते 20 सेंटीमीटर खोलीपर्यंतचा सारखा काप काढा, सगळी माती एकत्र मिसळा आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरेल इतकी कमी करा. शेताचा उतार, रंग किंवा आधीचे पीक वेगळे असेल तर नमुनाही वेगळा घ्या.

अहवालात बहुतेकांचे लक्ष नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशावर (पोटॅश) जाते. मी आधी सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब पाहायला सांगेन. सामू जास्त असेल तर वर फेकलेल्या युरियातून अमोनिया जास्त उडतो, स्फुरद चुन्यात अडकतो आणि जस्त, लोह, मँगनीज पिकाला कमी मिळते. सेंद्रिय कर्ब कमी असेल तर जमीन स्वतःहून सोडते ते नत्रही कमी, त्यामुळे पीक पूर्णपणे पोत्यावर अवलंबून राहते.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट असेल तर तेही हिशेबात धरा. एका लिटरमध्ये 10 मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असलेले पाणी हंगामात एकूण 300 मिलिमीटर दिले, तर हेक्टरी 30 किलो नत्र पाण्यातूनच मिळते.

आता गरजेचा अंदाज. 12 टक्के प्रथिने असलेल्या गव्हाच्या दाण्यात सुमारे 2.1 टक्के नत्र असते, म्हणजे एक टन दाणे शेतातून जवळपास 20 किलो नत्र घेऊन जातात. काडासह धरले तर पिकाला टनामागे साधारण 25 किलो नत्र उचलावे लागते. हेक्टरी चार टनांचे उद्दिष्ट असेल तर पिकाची एकूण गरज 100 किलोच्या आसपास होते. यातला काही भाग माती, शेणखत आणि आधीचे पीक देते. उरलेली तूट खताने भरायची आणि वाया जाणाऱ्याची भर घालायची. प्रत्येक सुधारित कामाने ही भर कमी होते. प्रत्यक्ष मात्रा तुमच्या भागातल्या शिफारशीप्रमाणे ठरवा. वरचे गणित ती शिफारस आपल्या शेताला बसते का, हे पडताळण्यासाठी आहे.

पायरी 2: आधीचे पीक आणि त्याचे काड

गव्हाआधी सोयाबीन, मूग, उडीद यांसारखे डाळवर्गीय किंवा शेंगवर्गीय पीक असेल तर दोन फायदे होतात. त्याचा पालापाचोळा लवकर कुजून नत्र सोडतो आणि तृणधान्याच्या मुळांवरच्या रोगांची साखळी तुटते. मात्र शेंगांबरोबर सगळी काडेही शेतातून उचलून नेली, तर नत्राचा फायदा बराच कमी होतो.

धान, मका, ज्वारी किंवा गव्हाच्या काडाची गोष्ट वेगळी आहे. त्यात कर्ब खूप आणि नत्र अगदी थोडे. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण 80 ला 1 असते. ते मातीत गाडले की जिवाणू ते कुजवण्यासाठी मातीतलेच नत्र उचलतात आणि नुकताच उगवलेला गहू पिवळा पडतो. हे नत्र वाया गेलेले नसते. जिवाणू मेल्यावर ते परत मिळते, पण गव्हाला हवे तेव्हा मिळत नाही. त्यामुळे काड गाडायचे असेल तर पेरणीच्या निदान तीन-चार आठवडे आधी, जमिनीत ओल असताना गाडा. तेवढा वेळ नसेल तर ते पृष्ठभागावरच आच्छादन म्हणून राहू द्या. मातीशी संपर्क कमी असल्याने ते सावकाश कुजते आणि नत्राची ओढाताणही कमी होते.

काड जाळू नका. जाळल्यावर त्यातले जवळपास सगळे नत्र आणि बराचसा गंधक धुरात जातो. शिवाय पिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा काडातच असतो, त्यामुळे दरवर्षी काड बाहेर नेणाऱ्या शेतात पालाशाची तूट हळूहळू वाढत जाते.

पायरी 3: मशागत किती आणि कशासाठी

गव्हाला भुसभुशीत वरचा थर लागतो असे आपण मानतो. खरे तर त्याला बी मातीला घट्ट चिकटेल इतका बारीक थर आणि खाली मुळांना मोकळी वाट हवी असते. अनुकूल जमिनीत गव्हाची मुळे मीटरभर किंवा त्याहून खोल जातात. पाण्याबरोबर खाली सरकलेले नायट्रेट परत वर आणण्याचे काम हीच खोल मुळे करतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर किंवा नांगर चालवला की त्याच्या खाली कठीण थर तयार होतो, मुळे तिथेच आडवी होतात आणि त्याखाली गेलेले नत्र कायमचे हातचे जाते.

तपासणी सोपी आहे. जमीन ओलसर असताना टोकदार लोखंडी सळई सारख्या जोराने दाबा. ठरावीक खोलीवर ती अडली आणि शेतात अनेक जागी त्याच खोलीवर अडली, तर कठीण थर आहे असे समजा. जमीन कोरडी असताना खोल मशागत करून तो फोडा. ओल्या जमिनीत हे काम केले तर थर फुटत नाही, उलट माती आणखी दाबली जाते.

कठीण थर नसेल आणि निचरा चांगला असेल, तर नांगरट न करता थेट पेरणी करायला हरकत नाही. ओल टिकते, पेरणी लवकर उरकते, इंधन वाचते. अशा शेतात एक काळजी मात्र घ्यावीच लागते. युरिया काडावर फेकू नका. काडावर युरियाचे विघटन करणारे ‘युरिएज’ विकर भरपूर असते, त्यामुळे अमोनिया झपाट्याने उडतो. नत्र यंत्राने मातीत पेरा किंवा लगेच पाणी देऊन खाली न्या.

पायरी 4: पेरणी: वेळ, खोली, बियाण्याचे प्रमाण

खताच्या उपयोगावर पेरणीच्या वेळेइतका परिणाम दुसऱ्या कुठल्याच कामाचा होत नाही, असे माझे ठाम मत आहे. गव्हाला उगवताना साधारण 20 ते 25 अंश आणि फुटवे येताना त्याहूनही थंड हवा मानवते. दाणे भरताना तापमान 30 अंशांच्या वर गेले की दाणे भरण्याचा काळ आखडतो. उशिरा पेरलेला गहू फुटव्यांसाठीची थंडीही गमावतो आणि शेवटी उन्हातही सापडतो. अशा पिकाला वेळेवरच्या पिकाइतके नत्र दिले तरी ते वापरायला फुटवे नसतात आणि दाण्यात भरायला दिवस नसतात. म्हणून उशिराच्या पेरणीत बियाणे थोडे वाढवा, ओळी जवळ घ्या, लवकर तयार होणारे वाण निवडा आणि नत्र कमी करा. उशीर खताने भरून काढता येत नाही.

बियाण्याचे प्रमाण दाण्याच्या वजनावरून ठरवा. समजा चौरस मीटरला 225 रोपे हवीत, हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम आहे आणि उगवण 85 टक्के आहे. 225 दाण्यांचे वजन 9 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी 90 किलो. त्याला 0.85 ने भागले की सुमारे 106 किलो. दाणा जाड असेल तर हाच आकडा वाढतो. दरवर्षी ठरावीक पिशव्या पेरणाऱ्यांच्या शेतात रोपांची संख्या वर-खाली होते, ती यामुळेच.

खोली 4 ते 5 सेंटीमीटर ठेवा. बुटक्या वाणांचा कोंब लांब वाढत नाही, त्यामुळे बी खोल पडले तर रोप वर येता येताच थकते आणि फुटवे कमी येतात. ट्रॅक्टरचा वेग वाढला की खोली बिघडते. चार-पाच ठिकाणी माती उकरून बी कुठे पडले ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच वेळी स्फुरदाचा निर्णय होतो. स्फुरद मातीत काही मिलिमीटरच सरकतो, त्यामुळे वर फेकलेला स्फुरद वरच्या कोरड्या थरातच पडून राहतो. शिवाय दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या वर्षी पिकाला थोडाच भाग मिळतो, बाकीचा चुना, लोह किंवा ॲल्युमिनियमशी बांधला जातो. म्हणून तो पेरणीबरोबर, बियाच्या थोडा बाजूला आणि थोडा खाली, पट्ट्यात पेरा. मातीशी संपर्क कमी आल्याने तो कमी बांधला जातो आणि कोवळ्या मुळांना लगेच सापडतो. युरिया मात्र बियाच्या ओळीत कधीही पेरू नका. त्यातून तयार होणारा अमोनिया कोंब मारतो. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताची मोठी मात्रा बियाला चिकटून पडली तरी धोका असतोच.

पालाशाचा पूर्ण हप्ता पेरणीलाच द्या. गंधक कमी असेल तर स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट निवडले की गंधक आपोआप मिळतो. जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट जमिनीतून द्या, पण स्फुरदाच्या खतात मिसळून नको.

पायरी 5: पहिले पाणी आणि मुकुटमुळे

पेरणीनंतर साधारण 20 ते 25 दिवसांनी जमिनीलगतच्या पेऱ्यातून मुकुटमुळे फुटतात. पुढच्या सगळ्या वाढीत अन्न आणि पाणी उचलण्याचा मोठा भार हीच मुळे वाहतात. ती वरच्या दोन-तीन सेंटीमीटरच्या थरातून निघतात, आणि हा थर कोरडा असेल तर फुटतच नाहीत किंवा थिटी राहतात. या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी पडतात. पुढे कितीही युरिया दिला तरी ते नुकसान पूर्ण भरून येत नाही.

दिवस मोजण्यापेक्षा रोप उपटून पाहा. थंडी जास्त असेल तर ही अवस्था उशिरा येते. रोपाला तीन-चार पाने असतील आणि जमिनीलगत पांढऱ्या जाड मुळांचे टोक दिसत असेल, तर पाण्याची वेळ झाली.

पाणी हलके द्या. भारी जमिनीत पाणी देण्याचे सारे (वाफे) लांब आणि उताराला बेताल असतील तर खालच्या टोकाला पाणी साचते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. हा पिवळेपणा अनेकदा नत्राची भूक समजला जातो आणि त्यावर आणखी युरिया पडतो. साचलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या मोजमापात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ करतो. अशा जागी आधी पाणी काढून द्या, वाफसा येऊ द्या, मग नत्राचा विचार करा.

पायरी 6: तण आधी, वरखत नंतर

पहिल्या पाच-सहा आठवड्यांतले तण सर्वांत महाग पडते. गहूसा आणि चंदनबटवा या तणांची वाढ गव्हाच्याच वेगाने होते आणि फेकलेले नत्र कुणी उचलायचे हे त्यांना सांगता येत नाही. वरखत देण्याआधी खुरपणी, कोळपणी किंवा योग्य तणनाशक यांपैकी जे करायचे ते उरका. तणनाशक वापरणार असाल तर शेतातले तण रुंद पानांचे आहे की गवतवर्गीय, हे ओळखूनच निवडा आणि मात्रा वेष्टनावर लिहिल्याप्रमाणेच घ्या.

पायरी 7: नत्राचे हप्ते

फुटवे येईपर्यंत गहू एकूण गरजेतला छोटा वाटाच उचलतो. कांडी धरू लागला की उचल एकदम वाढते आणि फुलोऱ्यापर्यंत बहुतांश नत्र पिकात गेलेले असते. सगळे नत्र पेरणीला दिले तर कित्येक आठवडे ते मातीत उघडे पडून राहते. सगळे उशिरा दिले तर फुटवे उपाशी राहतात. म्हणून पेरणीला एक हप्ता, मुकुटमुळांच्या वेळी दुसरा आणि हलक्या जमिनीत कांडी धरताना तिसरा हप्ता द्या. जमीन जितकी हलकी, तितके हप्ते लहान आणि जास्त. भारी, निचऱ्याच्या जमिनीत दोन हप्ते पुरतात.

युरिया देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. ओलसर पृष्ठभागावर युरिया फेकला आणि तसाच सोडला, की दोन-चार दिवसांत त्याचे विघटन होते. ऊन, वारा आणि जास्त सामू असेल तर अमोनिया उडत राहतो. मध्यम ते भारी जमिनीत युरिया टाकून लगेच हलके पाणी दिले तर तो पाण्याबरोबर मुळांच्या थरात उतरतो. अगदी वाळूसर जमिनीत भरपूर पाणी दिले तर तो मुळांच्याही खाली जाण्याची भीती असते. तिथे पाणी आधी द्या आणि वाफशावर खत देऊन कोळप्याने मातीआड करा. सकाळच्या दवात पाने ओली असताना युरिया फेकू नका, दाणे पानांना चिकटून पाने करपतात.

निंबोळीलेपित युरियात अमोनियमचे नायट्रेट होणे थोडे लांबते. युरिएज रोधक लावलेल्या युरियात अमोनिया उडणे कमी होते. दोन्ही उपयोगी आहेत, पण आधी नुकसान कुठून होते आहे ते ओळखा. वाहून जाणाऱ्या नत्राला युरिएज रोधक थांबवत नाही.

किती द्यायचे हे पिकालाच विचारता येते. शेताच्या एका कडेला अरुंद पट्ट्यात पेरणीलाच भरपूर नत्र द्या. कांडी धरताना उरलेले शेत आणि हा पट्टा शेजारी उभे राहून पाहा. रंगात आणि उंचीत फरक दिसला नाही, तर पुढचा हप्ता कमी करा किंवा टाळा. पानाच्या रंगाचा तक्ता असेल तर वरचे पूर्ण उघडलेले पान सावलीत धरून मोजा, दहा-बारा रोपांची सरासरी घ्या.

पिवळेपणा वाचायला शिका. खालची जुनी पाने टोकापासून पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पाने फिकी आणि खालची हिरवी असतील तर गंधकाचा संशय घ्या. तिथे युरियाने काहीच सुधारत नाही, कारण गंधकाशिवाय पीक त्या नत्राची प्रथिने करू शकत नाही.

पोटरीच्या (ओंबी अजून पानाच्या आवरणात असतानाच्या) सुमारास दिलेले थोडे नत्र दाण्यातली प्रथिने वाढवते, उत्पादनात मात्र फारशी भर घालत नाही. प्रथिनांना वेगळा मोबदला मिळत असेल तरच तो खर्च करा. आणि नत्र वाढवताना वाणाचा विचार सोडू नका. जुने उंच गहू जास्त नत्राने लोळत असत. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी ‘नोरिन 10’ या जपानी वाणातली बुटकेपणाची जनुके वापरून जे वाण तयार केले, ते खत पचवून उभे राहू शकले. बुटक्या वाणांनाही मर्यादा आहे. दाट पेरणी, भरमसाट युरिया आणि वारा सुटलेला असताना दिलेले पाणी एकत्र आले की तेही लोळतात.

पायरी 8: फुलोऱ्यानंतर

दाण्यातले बरेचसे नत्र आता पाने आणि कांडीतून सरकून येते. म्हणजे ओंबीखालचे शेवटचे पान जितके दिवस हिरवे राहील, तितके आधी दिलेले खत कामी येते. तांबेरा या बुरशीजन्य रोगावर लक्ष ठेवा, फुलोऱ्यात आणि दाण्यात चीक भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका. तांबेऱ्याने पान गेले तर त्यासाठी खर्च केलेले खतही वाया जाते.

पायरी 9: काढणीला मोजमाप

हंगामाच्या सुरुवातीला शेताच्या आत, कडेपासून दूर, एक छोटा तुकडा नत्राशिवाय ठेवा. स्फुरद, पालाश, पाणी, सगळे तेच. काढणीला त्याचे आणि शेजारच्या तेवढ्याच क्षेत्राचे दाणे वेगळे वाळवून तोला. समजा नत्राशिवाय हेक्टरी 1800 किलो आणि 120 किलो नत्र देऊन 4200 किलो आले. फरक 2400 किलो, म्हणजे दर किलो नत्रामागे 20 किलो दाणे. हा आकडा दरवर्षी लिहून ठेवा, आणि त्याच पानावर पेरणीची तारीख, पहिल्या पाण्याचा दिवस, तण कधी काढले आणि आधीचे पीक कोणते हेही लिहा.

नत्राशिवायच्या तुकड्यातच उत्पादन चांगले आले तर जमीन भरपूर देते आहे, पुढच्या वर्षी पहिला हप्ता कमी करून पाहा. दोन्हीकडे उत्पादन कमी आले तर अडचण नत्रात नाही. कठीण थर, पाण्याचा ताण, उशिराची पेरणी, स्फुरद, गंधक किंवा जस्त यांचा शोध घ्या. नत्राशिवाय कमी आणि नत्राने बरे, पण दर किलोमागचे दाणे थोडेच, असे असेल तर नत्र वाटेत गळते आहे. अशा वेळी पाचव्या आणि सातव्या पायरीतली कामे कोणत्या दिवशी आणि कशी झाली, हे वहीत पाहा आणि पुढच्या हंगामात त्यातले एकच काम बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.